भोयरकाकांची चतुर्दशी

आमच्या दाराला बेल आहे. दाबली की चिमणी चिवचिवते. भोयरकाकांनी ती इतक्या वर्षांत एकदाही दाबली नाही. ते दार ठोकायचे. बोटांच्या पेरांनी टकटक करायचे, मग मान तिरपी करून उजवा कान दाराकडे न्यायचे आणि थांबायचे. दार सताड उघडं असो, मी समोरच मेथी निवडत बसलेली असो, आमची नजरानजर झालेली असो, आधी ठोकणारच. "अहो काका, दिसतेय ना मी?" असं सुरुवातीला मी वैतागून म्हणायची. त्यावर ते बोलायचे नाहीत आणि आतही यायचे नाहीत. 'या' म्हटलेलं त्यांना चालत नसे. 'कोण आहे?' तर मुळीच नाही. "आहोत, काका!" असं आतून आलं की मगच चपला काढायचे. पुढे पुढे आमच्याकडे तो नियमच झाला. नवरा दाढी करता करता ओरडायचा, मुलगी पुस्तकातून डोकं न काढता ओरडायची. कुरियरवाल्यानं ठोकलं तरी त्यालाही सगळ्या घरातून "आहोत!" मिळायचं, आणि तो बिचारा दचकून एक पायरी मागे जायचा.

मधुकर भोयर मानेवाड्याच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर, आमच्या समोरच्या दारात राहायचे. गेल्या हिवाळ्यात गेले. नौदलात ते डायव्हर होते, जहाजांच्या बुडाशी आणि बंदरांच्या गाळात उतरून काम करणारे. नागपुरात नौदलाचा माणूस म्हणजे तशी गंमतच. कुठल्याही दिशेला निघा, रात्र गाडीत काढल्याशिवाय समुद्र लागत नाही. अंबाझरी तलाव भरून वाहिला तरी आम्ही डबे घेऊन सहकुटुंब बघायला जातो. त्यातून काका मूळचे भिवापूरचे. मिरचीच्या गावचा माणूस पाण्यात कसा गेला, याचं उत्तर त्यांच्या गावच्या विहिरीत होतं. कोणाची बादली पडली, घागर पडली, की लोक गळ शोधायच्या आधी मधूला शोधत. मधू उडी मारायचा आणि जे असेल ते घेऊन वर यायचा. भरतीच्या वेळी साहेबानं विचारलं, पोहता येतं का? हे म्हणाले, "पोहता येते का, मले माहीत नाही. बुडता येते." ही गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे आणि प्रत्येक वेळी त्यात साहेब जास्त जास्त हसायचा.

"खाली गेला त्याले वर आनाच लागते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हातातून चमचा निसटला तरी हेच. मोलकरणीचा मोबाइल नाल्यात पडला तेव्हाही हेच, आणि नुसतं म्हणून थांबले नाहीत, खांद्यापर्यंत हात घालून काढून दिला. वर तिलाच म्हणाले, "वाळव आता तांदळात. रडून कायले राहिली?"

मात्र बंद दाराशी त्यांचं हाडवैर होतं. घरातल्या एकाही दाराला आतून कडी नव्हती. सगळ्या काढून एका डब्यात ठेवल्या होत्या. न्हाणीघरात गेले की मोठ्यानं पाढे म्हणायचे, म्हणजे कोणी चुकून आत येऊ नये. एकोणतीसचा पाढा आला की त्यांच्या पत्नी कमलकाकू चहाचं आधण ठेवायच्या. मे महिन्यात अख्खं नागपूर पडदे ओढून, कूलर लावून काळोखात पडलेलं असतं, तेव्हा काका व्हरांड्यात डोक्यावर ओला पंचा घेऊन त्या भट्टीसमोर बसलेले असत. लिफ्टमध्ये पाऊल टाकायचे नाहीत. मेट्रो नवीन होती तेव्हा आमची सगळी इमारत हौसेनं फिरायला निघाली. फलाटावर काकांनी गार्डला विचारलं, "दार कोनाच्या हातात हाय?" तो म्हणाला, "ऑटोमॅटिक है, काका." "मंग राहू दे," म्हणून हे जिन्यानं खाली उतरले आणि ऑटोनं घरी आले. आम्ही हसलो. मीही हसले. म्हाताऱ्या माणसांच्या खोड्या असतात, आपल्यालाही लागतीलच, असं समजून आम्ही त्या चालवून घेत होतो.

मग अग्रवालांच्या दाराचं प्रकरण झालं.

पहिल्या मजल्यावरचे अग्रवाल रायपूरला लग्नाला गेले होते. दार कुलूपबंद. काका जिन्यावरून जात असताना त्यांना आतून टक असा आवाज आला. ते थांबले. त्यांनी दारावर ठोकलं. आतून पुन्हा टक. झालं. काकांनी सगळी इमारत गोळा केली. अग्रवालांचा फोन लागेना. सेक्रेटरी वानखेडे म्हणाले, "भोयर साहेब, उंदीर असन. वाट पाहू न थोडी." काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू वानखेड्यांनी काही घाणेरडं बोलून दाखवलंय. "वाट?" एवढंच म्हणाले, खाली गेले, सब्बल म्हणजे लोखंडी पहार घेऊन आले आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी कडी-कोयंडा उखडून टाकला.

आत कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात एक गंज, म्हणजे पातेलं, मोरीत पालथा पडला होता आणि त्याच्यावर नळ ठिबकत होता. टक. टक. आम्ही सगळे जे हसत सुटलो ते विचारू नका. वानखेडे तर ओट्याला धरून हसत होते. काका हसले नाहीत. त्यांनी नळ घट्ट केला. मग एकेक खोली पाहिली, पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाटं उघडली. सगळं पाहून झाल्यावर "कोनी नाही," असं स्वतःलाच सांगून ते दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या फरशीवर खाली बसले. तेव्हा आमचं हसू बंद झालं.

अग्रवाल परत आल्यावर व्हायचा तो तमाशा झाला. काकांनी मुकाट्यानं नवी कडी, नवा कोयंडा आणून स्वतः बसवून दिला, पण माफी मागितली नाही. "आवाज आला तं खोला लागते, अग्रवालजी." त्या संध्याकाळी ते आमच्या पायरीवर येऊन बसले. मी त्यांना चहा दिला आणि सरळ विचारलं, कारण मला आडून विचारता येत नाही. "काका, तुम्ही आत कोणाला शोधत होता?"

त्यांनी कप पायरीवर ठेवला.

"एकाहत्तरची लढाई होती न," ते म्हणाले, "तवा मी वायझॅगले होतो. नवा पोट्टा. बंदराबाहेर त्याईची पानबुडी बुडाली. मले खाली पाठवलं. पानी असं गढूळ, का सोताचा हात दिसे नाही. चाचपत चाचपत गेलो तं लोखंड लागलं. मी ठोकलं. मंग डोक्यावरचा टोप तिले टेकवला अन् आयकलं."

"मग?"

"काहीच नाही. जरा पुढं सरकलो. पुन्हा ठोकलं, पुन्हा आयकलं. तेवढ्यात वरून दोर हलला. म्हंजे या वर, हवा सरत आली. अर्धीच झाली होती वं. अर्धी राहून गेली."

वर आल्यावर त्यांनी पुन्हा उतरू द्या म्हणून हट्ट धरला. साहेबानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं, भोयर, ते सगळे धमाक्यातच गेले, आत पाणी भरलंय. पुढे दुसरे लोक उतरले, त्यांनाही कोणी जिवंत सापडलं नाही. म्हणजे साहेबाचं खरंच होतं. हे काका स्वतःच सांगत होते, माझ्याशी वाद घालायला जागाच ठेवत नव्हते. "डोक्याले पटते," ते म्हणाले, "कानाले पटत नाही."

मग जे मृतदेह वर आणले होते त्यांतल्या एकाचं सांगितलं. त्याच्या स्वेटरच्या कोपराला ठिगळ होतं, वेगळ्या रंगाच्या लोकरीचं. "घरचं काम होतं. त्याची माय नाही तं बहीन. आमच्या मायनंबी माह्या स्वेटरले असंच लावलं होतं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू एवढी शिकली-सवरलेली. येक सांग मले. आतल्या मानसाले बाहेरचं ठोकनं आयकू येत असन का?"

विमा कंपनीत जन्म घालवलेली मी. मी काय सांगणार? म्हटलं, "काका, आत कोणी नव्हतंच ना जिवंत."

"असते तं?" ते म्हणाले. "ठोकनं आयकू आलं असन, तं माह्यं निघून जानंबी आयकू आलं असन."

चहा निवून गेला. ती माणसं त्या पाणबुडीत अडकली तसे काका या एका प्रश्नात अडकले होते, आणि मला एवढंच कळलं की यांना बाहेर काढणारी सब्बल माझ्याकडे नाही. फार वाईट वाटलं मला. दारात दिसत असूनही आम्ही 'आहोत' म्हणायला का हवं होतं, तेही त्या दिवशी समजलं.

काका दरवर्षी पितृपक्षातली चतुर्दशी पाळायचे, तीही त्याच माणसांसाठी. लढाईत, शस्त्रानं, अपघातानं गेलेल्यांचं श्राद्ध त्या दिवशी घालतात. पहिल्या वर्षी गुरुजींनी विचारलं होतं, घरात कोण असं गेलं? "घरचे नाहीत," काका म्हणाले, "पाहुने समजा." गुरुजींनी पाहुण्यांचं गोत्र विचारल्यावर अडचण झाली, तेव्हापासून काका गुरुजींशिवायच करू लागले. गच्चीच्या कठड्यावर एक पान ठेवायचं, बस. त्या पानावर काय असावं यावरून त्यांचं आणि कमलकाकूंचं दरवर्षी वाजायचं. काका म्हणायचे, मटण कर, त्याईले वडे-कढी कोन दाखवते? काकू म्हणायच्या, "पितरायले मटन? माह्या चुलीवर नाही होनार. भलतंच बोलून राहिले!" पण तोडही काकूंनीच काढली. आपल्या रिवाजाचे वडे, कढी, भजी, आणि तांदळाच्या खिरीऐवजी शेवयाची खीर. "त्याईच्या सनाले शेवया करतेत न," एवढंच म्हणाल्या. चारोळी घालून, दाट, अशी खीर त्या स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसालाही करत नसत.

एका वर्षी वानखेड्यांना याचा पत्ता लागला. वानखेडे हे सकाळच्या चहाआधी देशभक्तीचे चार मेसेज पाठवणारे गृहस्थ. गच्चीवर येऊन म्हणाले, "भोयर साहेब, तुमी फौजी मानूस, अन् दुश्मनाचं श्राद्ध? सोसायटीत लोक काय म्हनतीन?"

मला वाटलं, आता भांडण होणार. काकांनी पानावर खीर वाढली, हात पुसले. "हाव, दुश्मनच होते," ते म्हणाले. "सुटले असते तं आपलं जहाज बुडवलं असतं त्याईनं. पन खाली गेला त्याले वर आना लागते, वानखेडे. मले नाही आनता आलं. तं म्हटलं, येक घास वर ठेवू." वानखेडे तिथेच उभे राहिले, कावळा येऊन वडा उचलून गेला तरी उभे होते. पुढच्या वर्षी त्यांनी गच्चीची किल्ली आदल्या दिवशीच आणून दिली. मेसेज मात्र अजून येतात.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात काकांच्या डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली आणि त्यांना कळेचना. अनवाणीच घरी यायचे, मागून कोणीतरी चप्पल आणून द्यायचं. डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यात नस दाबली जातेय, ऑपरेशन करायला हवं, उशीर केला तर दोन्ही पाय जातील. पण त्याआधी एमआरआय. तो काढल्याशिवाय हात लावणार नाही. आणि एमआरआय म्हणजे ती नळी. पुण्याहून मुलगा प्रफुल्ल आला, वडिलांना घेऊन गेला आणि तासाभरात तसाच परत आला. मान आत जाताच काका ओरडत सुटले होते आणि दवाखान्याच्या गाऊनवरच पार्किंगमध्ये जाऊन बसले होते. दुसऱ्यांदा नेलं तर खोलीच्या दारातूनच फिरले. डॉक्टर म्हणाले, झोपेचं इंजेक्शन देऊ, काही कळणारच नाही. काका म्हणाले, "बेसुद होऊन नाही जानार. आयकू आलं पायजे." प्रफुल्ल चिडला, मग रडला, मग पुन्हा चिडला. "बाबा, आयुष्यभर खुर्चीत बसायचंय का? आई उचलणार आहे का तुम्हाला?" काकू आतल्या खोलीत जाऊन बसल्या. दोन्ही पाय की ती नळी, अशी सरळ निवड होती आणि त्या माणसाला दोन्ही शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारावर टकटक झाली.

"आहोत, काका."

भिंतीला धरून आत आले. "सुनंदा, तू चाल माह्यासंगं. मी आत जातो. तू बाहेरून ठोकत राह्यजो."

त्या खोलीत एका माणसाला सोबत थांबू देतात. मला मंगळसूत्र काढायला लावलं, बांगड्या काढायला लावल्या, केसांतल्या पिना, साडीच्या पिना. पदर हातात धरून मी त्या मशीनच्या तोंडाशी उभी राहिले. काकांचा कमरेपर्यंतचा भाग आत गेला, बाहेर नुसते दोन पाय. कानात त्यांना बोळे दिले होते, हातात रबरी चेंडू. घाबरलात तर दाबा, म्हणून. मग ते मशीन सुरू झालं. डोक्यावर कोणी फरशी फोडतंय असा आवाज. मी काकांच्या तळपायावर बोटांच्या पेरांनी ठोकलं. काही नाही. पुन्हा ठोकलं, जोरानं ठोकलं. पाय लाकडासारखा पडून होता. या माणसाला आत ढकललं आणि याचं काही झालं, असंच माझ्या मनात आलं. "काका!" मी ओरडले, आणि माझंच ओरडणं मला त्या आवाजात ऐकू आलं नाही. ठोकायचं आणि पलीकडून काहीच यायचं नाही, म्हणजे काय असतं ते मी तेवढ्या वेळात पुरतं पाहिलं. मग एकदम आठवलं: हा डावा पाय. चप्पल निसटते तो. याला काय कळणार! मी चटकन पलीकडच्या बाजूला जाऊन उजव्या पायावर ठोकलं.

अंगठा हलला.

मी ठोकलं, अंगठा हलला. मी ठोकत राहिले. मधेच स्पीकरवरून तो टेक्निशियन म्हणाला, "आजोबा, पाय हलवू नका हो." अंगठा ऐकायला तयार नव्हता. माझे डोळे वाहत होते आणि हसूही येत होतं, पदर सुटत होता, पिना तर बाहेर काढून ठेवलेल्या. चेंडू त्यांनी शेवटपर्यंत दाबला नाही.

बाहेर काढलं तेव्हा काका घामानं निथळत होते. कानातले बोळे त्यांनी स्वतः काढले. वर दिव्याकडे पाहत म्हणाले, "आयकू येते वं."

"काय, काका?"

"बाहेरचं ठोकनं. आतल्या मानसाले आयकू येते. कानात बोळे असले तरी. हाडातून येते."

इतकी वर्षं ज्या उत्तराला काका भ्याले तेच त्यांना मिळालं, आणि ते द्यायला मीच गेले होते. मी त्यांना टॉवेल दिला. तोंड पुसून ते म्हणाले, "मधात तू ठोकनं थांबवलं होतं."

"पदर सांभाळत होते."

"हाव. पन मले तवाबी वाटे, हाय कोनीतरी बाहेर. येकदा ठोकलं न, का मंग वाटतच राह्यते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गेलं तरी वाटत राह्यते वं."

हे त्यांना खरंच तसं वाटलं, की माझा चेहरा पाहून म्हणाले, मला सांगता येणार नाही. पण काका कोणाला बरं वाटावं म्हणून बोलणारे नव्हते.

ऑपरेशन झालं. काका वॉकर घेऊन चालू लागले, पण जिने बंद. पितृपक्षातली चतुर्दशी आली तेव्हा काकू म्हणाल्या, पान आम्ही वर ठेवून येतो, तुम्ही खालूनच हात जोडा. काका वॉकर सरकवत लिफ्टपाशी गेले आणि बटण दाबून उभे राहिले. दार मिटायच्या आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जिन्याकडे धावले. या वयात, या गुडघ्यांनी, मी प्रत्येक मजल्यावर लिफ्टचं दार बडवत "आहोत, काका!" असं ओरडत वर गेले. अग्रवालीणबाई दार उघडून पाहत राहिल्या. गच्चीवर पोचले तेव्हा मला धाप लागली होती, आणि काका लिफ्टमधून बाहेर येऊन माझी वाट पाहत होते. "येवढ्या जोरानं नाही ठोका लागत," म्हणाले.

काकूंनी कठड्यावर पान मांडलं. वडे, कढी, भजी, शेवयाची खीर. ऊन चढलं होतं. काकांनी एक हात वॉकरवरून काढला आणि पानाशेजारच्या लोखंडी पाइपावर पेरांनी टकटक केलं. मी सवयीनं त्यांच्या मानेकडे पाहिलं. मान तिरपी झाली नाही. कान कुठेही गेला नाही. ते उत्तरासाठी थांबलेच नाहीत.

"आहो गा, पोट्टेहो," ते म्हणाले. "आहो आमी."